ठासणीचा बार : वाचकांचे प्रश्न

ठासणीच्या बंदुकीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. निम्मी कोकणातल्या शेतीसंरक्षण परवानाधारकांची, बाकीची अमेरिका-इंग्लंडात रेंजवर नेम धरायला जाणाऱ्यांची आणि एक-दोन जुन्या घरांतली. दारू म्हणजे सर्वत्र काळी दारूच समजावी. मापे ग्रेनमध्ये दिली आहेत. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. जुन्या हिशेबाने तोळा १८० ग्रेनांचा आणि मासा १५ ग्रेनांचा, त्यामुळे ६० ग्रेन म्हणजे बरोबर चार मासे.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या नाताळनंतरच्या शिकारीच्या हंगामासाठी ०.५० कॅलिबरची चकमकीची रायफल घेतली आहे. सोबत ग्रेनचे आकडे असलेले पितळी माप मिळाले. घरी इलेक्ट्रॉनिक काटाही आहे. दारू मापाने घ्यावी की तोलून? सुरुवात किती ग्रेनांनी करावी? (लँकेस्टर)

मापानेच घ्या. काळ्या दारूच्या बाबतीत 'ग्रेन' हा मापातला आकडा मुळात आकारमानाचा असतो. काळी दारू त्या मापात भरली की वजनही साधारण तेवढेच भरते, म्हणून गोंधळ लक्षात येत नाही. तो उघडा पडतो पर्यायी दारू वापरताना. पायरोडेक्स काळ्या दारूपेक्षा हलकी असते. १०० ग्रेनांचे माप भरले तर तिचे वजन सत्तरच्या आसपास येते. कोणी ती काट्यावर १०० ग्रेन तोलून घेतली, तर नळीत मापाचे जवळपास १४० ग्रेन गेले. ट्रिपल सेव्हन तर तेवढ्याच मापात काळ्या दारूपेक्षा जोरदार असते, म्हणून तिचे माप साधारण १५ टक्क्यांनी कमी धरतात. अर्थात तुमच्या चकमकीच्या रायफलीला या दोन्हींचा उपयोग नाही. त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीखालच्या वाटीतल्या रंजकाच्या (बार पेटवायच्या चिमूटभर दारूच्या) ठिणगीने त्या भरवशाने पेट घेत नाहीत. चकमकीला खरी काळी दारूच हवी.

काट्याचा आणखी एक धोका. बाजारातले बहुतेक छोटे काटे एका बटणावर ग्रॅमवरून ग्रेनवर जातात. ग्रॅमवर असलेल्या काट्याने '६०' दाखवले तर ती दारू ९२६ ग्रेन भरेल, म्हणजे पंधरा पट. काटा वापरायचाच असेल तर माप तपासायला वापरा. दहा मापे एका भांड्यात भरून एकत्र तोला, दहाने भागा आणि तो आकडा मापाच्या पोटाला चिकटवून ठेवा.

माप भरण्याची पद्धत एकदा ठरली की बदलू नका. शिगोशीग भरा, बाजूला बोटाने ठरावीक वेळा टिचक्या मारा, वरची दारू सपाट करा. टिचक्या मारलेल्या आणि न मारलेल्या मापात काही ग्रेनांचा फरक पडतो. त्याने बंदूक फुटत नाही, पण गोळ्या लक्ष्यावर उभ्या रेषेत पसरतात आणि माणूस दोष नेमाला देत बसतो. अंगठ्याने दाबून मात्र भरू नये.

दाण्याची प्रत डब्यावर लिहिलेली असते. एकेरी एफ सर्वांत जाड, ती तोफेला आणि फार मोठ्या नळ्यांना. दुहेरी एफ ०.५० आणि त्यावरच्या रायफलींना, मस्केटना आणि छऱ्यांच्या बंदुकांना. तिहेरी एफ त्याहून लहान कॅलिबरना आणि पिस्तुलांना. चार एफ फक्त वाटीत रंजक म्हणून. दाणा जितका बारीक तितकी दारू लवकर जळते आणि दाब लवकर चढतो, म्हणून चार एफ नळीत भरायची नसते.

सुरुवातीला जुना ठोकताळा चांगला आहे : जितके कॅलिबर तितके ग्रेन. म्हणजे ०.५० ला दुहेरी एफचे ५० ग्रेन. त्यातून पाच-पाच ग्रेनांनी चढत जा, प्रत्येक मापावर पाच गोळ्या कागदावर मारा. गोळ्यांचा घोळका सर्वांत घट्ट कुठे पडतो तिथे थांबा. गोल गोळीला तो बहुधा ६० ते ८० च्या दरम्यान सापडतो. बंदूक बनवणाऱ्याने पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा ही शेवटची भिंत समजा. त्याच्या आतसुद्धा एका टप्प्यानंतर दारू वाढवून हाती काही लागत नाही, नुसता धूर आणि खांद्याला मार. तुमच्याकडे जानेवारीत बर्फ असतोच. बार उडाल्यावर तोंडापुढच्या बर्फावर काळे कण पडलेले दिसले तर वाढवलेली दारू नळीत जळलीच नाही, बाहेर सांडली. हंगामाचे नियम दरवर्षी निघतात, ते त्या वर्षीचेच वाचावेत.

प्रश्न : बार भरण्याचा बरोबर क्रम काय? व्हिडिओंमध्ये प्रत्येकजण वेगळे करतो. (न्यू जर्सी)

क्रम एकच आहे, माणसे त्यातल्या पायऱ्या गाळतात.

आधी नळी रिकामी असल्याची खात्री. ठासायचा गज नळीच्या तोंडातून बुडापर्यंत सोडा आणि तोंडाशी जिथे येतो तिथे खूण करा. ही 'रिकामी खूण'. ठरलेला बार नीट बसवल्यावर दुसरी खूण करा, ती 'भरली खूण'. या दोन खुणा हा या साऱ्या उद्योगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा विमा आहे. खुणा नसलेला गज घेऊन कोणी शेजारी उभा राहिला तर आपण दोन पावले दूर जावे.

मग तेल काढणे. साठवणीचे तेल बुडाशी उतरून कानात, म्हणजे नळीत आग जाण्याच्या भोकात, बसलेले असते. कोरडी चिंधी फिरवा. टोपीची (घोडा पडताच फुटणाऱ्या छोट्या टोपीने बार पेटवणारी) बंदूक असेल तर नळी जमिनीकडे, वाळलेल्या पानाजवळ धरून एक-दोन टोप्या नुसत्या उडवा. पान हलले तर वाट मोकळी. चकमकीची असेल तर कानात बारीक तार फिरवा, वाटी पुसा, घोडा खाली आणि वाटीचे झाकण उघडे ठेवा.

दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीही ओतायची नाही. आधीच्या बारातल्या, गोळीभोवतीच्या चिंधीची एखादी धग बुडाशी राहिलेली असू शकते. मापातले साठ ग्रेन पेटले तर भुवया आणि बोटे भाजतील. अर्धा रत्तल भरलेले शिंग पेटले तर तो हातातला बॉम्ब आहे. म्हणून शिंगातून मापात, शिंगाला बूच लावून ते मागे, आणि मग मापातून नळीत. ओतताना नळीचे तोंड चेहऱ्यापासून आणि शेजाऱ्यापासून दूर, तोंडावर फक्त माप आणि ते धरणारी दोन बोटे. नंतर नळीला बाजूने थापट्या, म्हणजे दारू बुडाशी बसते.

आता चिंधी आणि गोळी. ०.५० च्या नळीला साधारणपणे ०.४९० इंचांची गोळी आणि ०.०१५ इंच, म्हणजे पावणेचार दशांश मिलिमीटर जाडीची चिंधी. गोळीचे वजन १७७ ग्रेन, जवळजवळ तोळाभर. कापड निव्वळ सुती, घट्ट विणीचे. मांजरपाट चालतो, पण धुऊन खळ काढलेला. टेरिकॉट वितळून नळीला चिकटते, ते नको. चिंधीला मेण आणि वनस्पती तेलाचे मलम. गोळीवर ओतीव काम केल्याचा चपटा भाग असेल तर तो वर, बरोबर मध्यावर.

छोट्या ठासण्याने गोळी तोंडाच्या आत चार-पाच इंच न्यायची आणि मग गज. लाकडी गज एका वेळी वीतभरच धरून खाली ढकला. वर टोकाला धरून जोर लावला की तो वाकतो, तिरका मोडतो आणि त्याचे भाल्यासारखे टोक तळव्यातून आरपार जाते. गज मुठीत न धरता बोटांच्या टोकांत धरा, तोंडावर तळवा ठेवू नका, छातीने रेटू नका.

गोळी दारूवर टेकली पाहिजे. टेकल्यावर दरवेळी सारख्याच जोराने एकदा दाबा. गज वरून आपटून 'उडतोय का' बघण्याची जुनी सवय सोडा. त्याने गोळीचे नाक चेपते. गोळी मध्येच अडकून दारू आणि तिच्यामध्ये पोकळी राहिली तर तेवढाच बार बंदूक मोडू शकतो. पेटलेला वायू मोकळ्या जागेत वेग घेतो आणि स्थिर गोळीच्या बुडावर जाऊन आदळतो. त्या ठिकाणी दाब एकदम चढून नळीला कड्यासारखी फुगवटी येते. नळी जुनी असेल तर ती तिथेच फाटते. म्हणून गजाची 'भरली खूण' तोंडाशी आलीच पाहिजे. बोटभर वर राहिली तर गोळी अडकली आहे किंवा आत आधीचाच बार आहे. बोटभर खाली गेली तर दारू कमी किंवा शून्य.

गज बाहेर काढा आणि जागेवर ठेवा. हे लिहायची गरज भासते, कारण गजासकट बार उडवणारे दरवर्षी निघतात.

रंजक किंवा टोपी सर्वांत शेवटी, फायरिंग लाइनवर, तोंड लक्ष्याकडे असताना. वाटीत चार एफची दोन-तीन ग्रेन पुरे, कानापासून जरा बाहेरच्या बाजूला. नवशिके वाटी काठोकाठ भरतात. कानात दारू भरली की ती वातीसारखी दाण्यादाण्याने जळत आत जाते आणि बार 'फुस्स... धडाम' असा उशिरा उडतो. कान रिकामा असेल तर ज्वाला झेप घेऊन थेट आत जाते.

दुसरा बार भरण्याआधी मिनिटभर थांबा. एक ओलसर, मग एक कोरडी चिंधी फिरवा. धग विझते आणि गोळीही सहज उतरते. लक्ष्याच्या दिशेला दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या चिंध्या रेंज थंड झाल्यावर, म्हणजे सर्वांचे बार थांबल्यावर, गोळा करून पाहा. मध्यभागी काळसर वर्तुळ आणि कडा झालरीसारख्या, पण कापड शाबूत, म्हणजे सारे ठीक. मध्ये जळून भोक पडले असेल तर चिंधी पातळ आहे किंवा मलम कमी आहे. नळीतल्या खाचांच्या रेषेत चिरा असतील तर नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण आहे. ती बंदूक-कारागिराकडून मारून घ्या.

प्रश्न : आमची छऱ्यांची ठासणीची बंदूक आजोबांपासून परवान्यावर आहे. बार 'चार बोटे' भरायचा असे ऐकत आलो. ते मोजमाप बरोबर आहे का? ठासायला सोडण (नारळाच्या सालीचा काथ्या) घेतो. (कुडाळ तालुका)

बोटे सोडा. 'चार बोटे' म्हणताना गज तोंडाबाहेर किती वर राहतो ते मोजतात. त्यात दारू, सोडण, छरे आणि वरचे सोडण असे सगळेच येते. सोडण सैल ठासले तर त्याच चार बोटांत दारू कमी, घट्ट ठासले तर जास्त. शिवाय नळीचा व्यास. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरची. तिच्यात दोन सेंटिमीटर, म्हणजे एक बोट, दारू ओतली तर ती होते सुमारे ८३ ग्रेन. सोळा मिलिमीटरच्या नळीत तेच बोट ६२ ग्रेनांचे. म्हणजे काकांच्या बंदुकीचे बोट तुमच्या बंदुकीला लागू नाही. आणि कोणी 'चार बोटे' हे नुसत्या दारूचे माप समजून बारा बोअरमध्ये भरले तर ३३० ग्रेन गेले, नेहमीच्या बाराच्या चौपट.

धड, तपासलेल्या बारा बोअरच्या नळीला हलका बार म्हणजे दुहेरी एफचे ६८ ग्रेन, साडेचार माशांच्या आसपास, आणि २८ ग्रॅम छरे. वीस बोअरला ५५ ग्रेन आणि २५ ग्रॅमपर्यंत छरे. तुमच्या नळीचा व्यास परवान्यावर किंवा नळीवर नसेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडून मोजून घ्या, तेव्हाच बुडाचा आटा आणि कानाची झीजही पाहून घ्या. आजोबांच्या काळची नळी आतून खड्डे पडलेली असेल तर वरचे आकडे तिला लागू नाहीत. अशा नळीत बार भरूच नये.

माप एकच ठेवा. बांबूचे असो की शिंगाचे, एकदा तोलून कापून घ्या. त्याच मापाने दारू आणि त्याच मापाने छरे घेतले की छऱ्यांच्या बाराचे प्रमाण बरोबर जुळते. ६८ ग्रेन दारूचे माप छऱ्यांनी भरले तर २८ ते ३० ग्रॅम भरतात. दारू कमी-छरे जास्त केले तर दाब वाढून मारा मंदावतो. दारू जास्त-छरे कमी केले तर मारा फाटतो, मध्ये भगदाड पडते.

सोडणाबद्दल स्पष्ट सांगायचे तर ते बंद करा. ते सारखे बसत नाही आणि पेटून उडते. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या गवतात पडलेले एक धुमसते सोडण अख्खी काजूची बाग नेऊ शकते. दारूवर जाड पुठ्ठ्याची नळीच्या मापाची चकती, तिच्यावर लोकरीच्या नमद्याची मलम लावलेली गादी, मग छरे, आणि छऱ्यांवर पातळ पुठ्ठ्याची चकती. वरची चकती पातळच हवी. जाड असली तर ती छऱ्यांच्या मध्ये घुसून मारा विस्कटते. दोन नळ्यांची बंदूक असेल तर एक उडवल्यावर दुसरीतल्या बारावर गज घालून पाहा. धक्क्याने वरची चकती सुटून छरे पुढे सरकलेले असतात. ते करताना भरलेल्या नळीची टोपी आधी काढायची.

माकडे किंवा डुक्कर हुसकावायला नुसता आवाज पुरतो. त्यासाठी छरे नकोतच, दारू निम्मी आणि वर हलका कागदाचा बोळा. तो बोळाही पंधरा-वीस पावलांत माणसाला जखमी करतो, तेव्हा तोंड वर. शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे, पण तो शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वेगळा लागू होतो आणि डुक्कर मारायचे तर वनखात्याची लेखी परवानगी लागते.

भरलेली बंदूक रात्री खुंटीला अडकवून ठेवणे हा मात्र शुद्ध अविचार आहे. टोपी काढली की बंदूक 'रिकामी' होत नाही.

प्रश्न : काळी दारू वेळेवर मिळत नाही. फटाक्यांची, किंवा काडतूस फोडून त्यातली दारू चालेल का? घरी करता येते का? (सावंतवाडी)

तिन्हींचे उत्तर नाही. काडतुसातली बिनधुराची दारू काळ्या दारूच्या मापाने ठासणीत भरली तर नळी फाटते. काळी दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून जळते आणि कोंडली तरी तिचा वेग फारसा बदलत नाही. बिनधुराची दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो, आणि ही चढण थांबवायला जुन्या नळीत काही नसते. फटाक्यातली चंदेरी पूड याहूनही वाईट. घरगुती दारूचा दाणा सारखा नसतो, म्हणून आजचे माप उद्या लागू पडत नाही. कुटताना होणारे स्फोट ते वेगळेच, आणि विनापरवाना करणे हा गुन्हा. परवान्यावरच्या दुकानातून मिळेल तेवढीच घ्यावी, मूळ डब्यातच ठेवावी. डब्यावरचे लेबल गेले तर ती दारू कसली हे ठरवायला डोळे पुरे नाहीत.

प्रश्न : चाप ओढला, टोपी फुटली, बार उडाला नाही. पुढे? (नाशिकहून, रायगडातल्या नातेवाइकाच्या बंदुकीबद्दल)

बंदूक खांद्यावरून उतरवू नका, तोंड होते तिकडेच ठेवा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. दोन थांबलात तरी बिघडत नाही. धुमसणारी दारू काही सेकंदांनी पेटू शकते, आणि अपघात होतात ते 'काय झालं?' म्हणून नळीत वाकून बघणाऱ्यांचे. मिनिटानंतर नवी टोपी लावून पुन्हा चाप ओढा. नाही उडाला तर पुन्हा मिनिटभर थांबून निपलच्या (टोपी बसते त्या पोकळ खुंटीच्या) भोकात तार फिरवा आणि तिसरी टोपी. चकमकीत वाटीतले रंजक जळले आणि आतले नाही, तरी हेच : थांबा, कान तारेने मोकळा करा, नवे रंजक.

तरीही नाही तर बहुधा दारू भिजली आहे किंवा घातलीच नाही. गजाची खूण लगेच सांगते. दारूविना गोळी ठासली गेली असेल तर पाना घेऊन निपल काढा, आत तिहेरी एफची तीन-चार ग्रेन भुरभुरा, निपल बसवा. मग गजाने गोळी बुडाला टेकली आहे याची पुन्हा खात्री करा, कारण एवढ्या खटाटोपात ती पुढे सरकलेली असू शकते. आता टोपी लावून सुरक्षित दिशेला उडवा. एवढ्याशा दारूने गोळी बाहेर पडते. रेंजवर दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडने गोळी ढकलून काढणारे साधन असते, ते अधिक सोयीचे.

गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी उपसून काढायची असेल तर आधी निपलच्या वाटेने पाणी सोडून दारू मारा. कोरड्या दारूवर ओढाताण करू नये. आणि दारू भिजवली तरी त्या वेळी कुणाचेही अंग नळीच्या रेषेत नको.

प्रश्न : इथल्या क्लबमध्ये ०.४४ चे ठासणीचे रिव्हॉल्वर चालवतो. एका सभासदाच्या रिव्हॉल्वरमधले तीन बार एकदम उडाले. कारण? (लेस्टर)

फिरत्या चक्रातल्या एका घरातली (बार भरायच्या कप्प्यातली) ज्वाला शेजारच्या घरांत शिरली. ती पुढून शिरते किंवा मागून. पुढून शिरते जेव्हा गोळी सैल असते. ०.४४ ला गोळी ०.४५१ किंवा ०.४५४ इंचांची घ्यावी, आणि दाबताना घराच्या काठावर शिशाचे बारीक अखंड कडे कातरून निघाले पाहिजे. कडे अर्धेच निघाले तर त्या बाजूला फट आहे. मागून शिरते जेव्हा टोपी मोठी असते किंवा चिमटून बसवलेली असते आणि धक्क्याने गळून पडते. दहा आणि अकरा नंबरच्या टोप्यांत फरक अगदी थोडा, पण निपलला जी बोटाने दाबून घट्ट बसते तीच बरोबर.

दारू तिहेरी एफची २० ते ३० ग्रेन. कमी दारू घेतली की गोळी खाली टेकत नाही आणि पोकळी राहते, म्हणून मध्ये रवा भरतात. तुमच्या क्लबातले जुने लोक हेच सांगतील. गोळीवर ग्रीस किंवा गोळीखाली मलम लावलेली नमद्याची चकती. ग्रीसचा खरा उपयोग काजळी मऊ ठेवण्याचा आहे. सैल गोळी ग्रीसने घट्ट होत नाही. घोड्याखालचे घर रिकामे, म्हणजे सहांत पाचच बार. टोप्या सर्वांत शेवटी. फायरिंग लाइनवर दारूचा डबा न नेता, घरून एकेक बार नळकांडीत मोजून नेण्याची तिकडची पद्धत फार चांगली आहे. माप शांतपणे, चांगल्या उजेडात होते.

प्रश्न : साताऱ्याच्या जुन्या वाड्यात तोड्याची (जळत्या वातीने बार पेटवायची) बंदूक सापडली. आत बार असेल का? (सातारा)

आहे असे धरूनच चाला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही जिवंत असते. अमेरिकी यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना २००८ साली व्हर्जिनियात एका संग्राहकाचा जीव गेला. आणि भरलेल्या बंदुका वाटतात तितक्या दुर्मीळ नसतात. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या. त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार होते आणि एकीत तर तेवीस. गडबडीत टोपी लावायची राहिली, आवाजात आपला बार उडाला नाही हे कळले नाही, आणि शिपाई पुढचा बार ठासत गेले.

तपासणी सोपी आहे. तोंड निर्जन दिशेला ठेवून लाकडी काठी हलकेच आत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून नळीला समांतर धरा. काठीचे टोक कानापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. चार-सहा इंच अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. तो गंज किंवा गांधीलमाशीचे घरही असेल, पण ते ठरवणे तुमचे काम नाही. कानाजवळ काडी, मेणबत्ती, ड्रिल, वेल्डिंग काही नको. पोलिस ठाण्यात कळवा आणि परवानाधारक कारागिराकडून बार भिजवून काढून घ्या. वापरण्याजोगी न राहिलेली पुराणवस्तू शस्त्र कायद्यातून वगळलेली आहे, पण ती तशी आहे की नाही हे आधी तपासून घ्यावे लागते.

प्रश्न : १८५७ ची काडतुसे दाताने तोडायची म्हणजे नेमके काय करायचे? (पुणे)

ते काडतूस धातूचे नव्हते. ती कागदाची पुरचुंडी होती. एनफिल्ड १८५३ च्या पुरचुंडीत एका टोकाला अडीच ड्रॅम, म्हणजे ६८ ग्रेन, मोजलेली दारू आणि दुसऱ्या टोकाला ५३० ग्रेनांची गोळी, तिच्याभोवतीचा कागद चरबीत बुडवलेला. शिपाई दारूकडचे टोक दाताने फाडी, दारू नळीत ओती, पुरचुंडी उलटी करून चरबीचे टोक नळीच्या तोंडात दाबी, उरलेला कागद फाडून टाकी आणि गजाने गोळी ठासी. दाताने, कारण एका हातात बंदूक असे. माप कारखान्यात झालेले, त्यामुळे शिपायाला शिंग-माप काही लागत नसे. ओतण्याच्या मापाच्या साऱ्या भानगडीतून सुटका. चरबी लागत होती ती काजळी मऊ ठेवून ०.५७७ इंचांच्या नळीत ०.५६८ ची गोळी उतरावी म्हणून. १८५७ च्या वसंतात कवायत बदलून हाताने फाडण्याची मुभा दिली, तोवर उशीर झाला होता. पुढे गोळीच ०.५५ इंचांची केली आणि चरबीऐवजी मुख्यतः मेण आले.

प्रश्न : पावसाळ्यात नळी गंजते. तेल भरपूर लावतो तरी. (मालवण)

तेल काजळीवर लावत असाल. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन रूपात मागे राहतो. ते क्षार आहेत, हवेतले पाणी ओढतात, आणि त्यांच्यावर तेल लावले तर खाली गंज चढतच राहतो. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्याच संध्याकाळी नळी लाकडापासून सुटत असेल तर सोडवा, बूड बादलीत ठेवा आणि चिंधी लावलेल्या गजाने साबणाचे कोमट पाणी वर-खाली ओढा. निपल काढून वेगळे धुवा. चिंधी पांढरी निघेपर्यंत पाणी बदला. मग गरम पाण्याचा एक हात, म्हणजे नळी तापून स्वतःच सुकते. लगेच कोरड्या चिंध्या आणि मग पातळ तेल. उकळते पाणी एकदम ओतू नका, दमट हवेत त्याने तांबूस झाक लगेच चढते.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. नारिंगी डाग आला तर कुठेतरी क्षार राहिला आहे, बहुतेक बुडाच्या कोपऱ्यात किंवा निपलच्या आट्यात. पुन्हा पाण्यापासून सुरुवात.